थकलेल्या लाईनीचा सूर

नाही बाबूजी, हे मी मानणार नाही. तुम्ही म्हणाल, मी खोटं कुठं बोललो, मी तर फक्त चूप बसलो. पण चूप बसणं म्हणजेही खोटं बोलणंच, हे मला कोणी शिकवलं होतं? तेरा वर्षांचा होतो मी. एका मोटरच्या कॉइलमध्ये तारेचे वेढे कमी भरले आणि तुम्ही विचारलं तेव्हा मान खाली घालून बसलो. तिसऱ्या दिवशी ती मोटर कामठ्याच्या एका म्हाताऱ्याच्या विहिरीवर जळली. तुम्ही मला मारलं नाही, त्यापेक्षा वाईट केलं. सायकलवर डबल सीट बसवून त्याच्या बांधावर नेलं. म्हाताऱ्यानं आधी तुमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला, ‘‘का जी मिस्त्री, पोट्ट्याच्या हातानं माह्या मोटरचं श्राद्ध घातलं का?’’ तुम्ही म्हणाले, ‘‘यालेच विचारा.’’ आणि मला सांगावं लागलं, पायाखालच्या चिखलाकडं पाहत, की वेढे मीच कमी भरले. येताना चढावर सायकल हातात धरून चालता चालता तुम्ही एवढंच बोलले, ‘‘मोटरले फसवता येत नाई. माणूस फसते, म्हणून त्याले फसवू नये.’’ मी ते विसरलो नाही. आणि मग तुम्हीच दोन वर्षं मला फसवत राहिले, तेही मीच आणून दिलेल्या एका वस्तूपायी.

सात वर्षं झाली तुम्हाला जाऊन. या सात वर्षांत मी चार गावं आणि सहा नोकऱ्या बदलल्या, पण एक काम सोडलं नाही. तुमच्या गिटारचा तो आवाज परत बनवायचा. आणि सातही वर्षं एक गोष्ट छातीवर बसून होती, की तुमचा वाजवायचा हात गेला असं मी तुमच्या तोंडावर बोललो, आणि ते खरं होतं. मागच्या महिन्यात कळलं की खरं नव्हतं. म्हणून भांडून राहिलो. खरं असतं तर बरं झालं असतं, बाबूजी.

तुमचं दुकान मला अजून वासानं आठवते. वार्निशचा वास. जळालेली तार काढून रिवाइंडिंग केलेली मोटर वार्निशमध्ये बुडवायची आणि पत्र्याच्या पेटीत दोनशे वॅटच्या बल्बखाली रात्रभर वाळवायची. त्या वासात मायच्या चुलीवरचा वास मिसळायचा, कारण दुकान आणि रांधण्याची खोली यांच्यात एकच भिंत होती आणि तीही वरपर्यंत नव्हती. आमचं घर गावातल्या लाईनीच्या शेवटच्या खांबावर. उन्हाळी धानाच्या दिवसांत संध्याकाळी थ्री फेज आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या आणि आमच्यापर्यंत येता येता लाईनीत काही उरायचं नाही. बल्बमधली तार लाल दिसायची. पंखा पाणी ओढणाऱ्या बैलासारखा फिरायचा. भिंतीपलीकडून माय म्हणायची, ‘‘तांदळातला खडा का डोळ्यानं शोधू की दातानं?’’ त्याच लाईनीपायी लोकांच्या मोटरी जळायच्या आणि तुमच्याकडं यायच्या. म्हणजे आमच्या ताटात जे पडायचं ते त्या कमजोर लाईनीनंच पडायचं, हे मला फार उशिरा समजलं. आणि त्याहून उशिरा समजलं की तिनं आणखीही काही दिलं होतं.

त्या वेळेला तुम्ही हातातलं काम ठेवून विचारायचे, ‘‘लाईन थकली का रे?’’ मी बल्बकडं पाहून हो म्हणायचो. मग तुम्ही हात पुसायचे आणि कोपऱ्यातलं पोतं बाजूला करायचे. पोत्याखाली तो अँप्लिफायर. बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा, भंगारातून आणलेला, आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे पाच वॉल्व्ह. तापला की ते वॉल्व्ह आतून विस्तवासारखे दिसत आणि त्यावर बसलेल्या धुळीचा वेगळाच वास येई. आणि ती इलेक्ट्रिक गिटार. गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमधले गार्डसाहेब पोराकडं कायमचं राहायला गेले, तेव्हा जाताना तुम्हाला देऊन गेले. त्यांचा पंखा तुम्ही पैसे न घेता तीनदा बांधून दिला होता म्हणे. गिटारसोबत एक कॅसेट दिली होती, वर काही लिहिलेलं नाही. काळ्या लोकांचं गाणं आहे, गार्डसाहेबांनी सांगितलं होतं, कापसाच्या शेतात राबणाऱ्यांचं, त्याला ब्लूज म्हणतात. तुम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण भजनी मंडळात पेटी वाजवलेला माणूस. तुम्ही ती कॅसेट ऐकून मला म्हणाले होते, ‘‘याचा गंधार पाहा. कोमल नाई, शुद्ध नाई. मधात कुठंतरी. धान रोवणाऱ्या बाया गाताना ओढतात ना, तसा.’’

मला वाटायचं, लाईन थकली की काम होत नाही, टेस्टिंग होत नाही, म्हणून तुम्ही तेवढ्यात गिटार घेऊन बसता. रिकामा वेळ म्हणून. कोणालाही तसंच वाटलं असतं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तुम्ही वाजवायचे तेव्हा जनरेटर असायचा, सिनेमाची गाणी असायची, आणि तुमची गिटार इतर कोणाच्याही गिटारसारखीच वाजायची. पण घरी, त्या लाल उजेडात, तुम्ही एकच तार बोटानं वर रेटायचे आणि सूर एकदम यायचाच नाही. आधी दबायचा. जसा कोणी रडू गिळून बोलायला लागते, पहिला शब्द अडकते, मग आवाज हळूहळू भरून येते, तसा. आणि शेवटी थोडा फाटायचा. तेव्हा भिंतीपलीकडं मायचं सुपानं पाखडणं थांबायचं. ती कधी काही बोलली नाही, पण सूप थांबायचं. मी आठवीत नापास झालो त्या उन्हाळ्यात तुम्ही मला रागावले नाही, फक्त वाजवत बसले. मला मार खाल्ल्यासारखं झालं होतं. त्याच उन्हाळ्यात मी माझ्या दीड हजाराच्या फोनमध्ये तुमचं वाजवणं भरून घेतलं. चाळीस सेकंद. तुमचं तेवढंच राहिलं आहे माझ्याजवळ.

माझा पाय घरात टिकत नव्हता हे तुम्हाला माहीतच आहे. रायपूरला गेलो, परत आलो. सुरतला गेलो, परत आलो. तुम्ही म्हणायचे, ‘‘याच्या पायाले बेअरिंग बसवली आहे.’’ मग हैदराबादला एका मोटरच्या वर्कशॉपमध्ये लागलो आणि पहिल्यांदा पूर्ण महिन्याचा पगार हातात आला. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात काय झालं होतं तेही आठवत असेल. एकदा शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम बंद झाल्या, लाईन उसळली आणि अँप्लिफायरचा एक वॉल्व्ह गेला. तुम्ही तो काळा पडलेला वॉल्व्ह हातात घेऊन बसून राहिले. ‘‘असा आता भेटत नाई,’’ एवढंच म्हणाले. गोंदियातल्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडून एक जुना मिळाला तेव्हा कुठं तुम्ही जेवले. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. म्हणून पहिल्या पगारातून मी स्टॅबिलायझर घेतला. चांगला, मोठा, समोर काटा असलेला. मांडीवर ठेवून रेल्वेनं आणला, कोणाला हात लावू दिला नाही. स्टेशनवरून घरी येईपर्यंत मनात एकच होतं, की आता लाईन थको की उसळो, बाबूजींच्या वॉल्व्हला काही होणार नाही.

तो दिवस मी इतक्यांदा उलगडून पाहिला आहे की त्याच्या घड्या झिजल्या. दुपारी मी पोचतो. तुम्ही खोका उघडता. काटा पाहता, मागची वायर पाहता, वजन पाहता. मिस्त्री माणूस, एका नजरेत कळायला पाहिजे. आणि कळलंही असेल. त्या क्षणी तुम्ही सांगायला पाहिजे होतं. पण मी तुमच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो, आणि तुम्ही मायला हाक मारली, ‘‘पाहा, पोट्ट्यानं काय आणलं.’’ शेजारच्यांनाही बोलावून दाखवलं. संध्याकाळी थ्री फेज आली, घरातला बल्ब लाल झाला, पंखा थकला, पण स्टॅबिलायझरचा काटा दोनशे तीसवर ठोकल्यासारखा उभा. मी खुश. तुम्ही गिटार घेतली. आवाज आला तो स्वच्छ, टणक, पाणी भरायच्या घासलेल्या पितळी गुंडासारखा. तुम्ही दोन-तीनदा तार रेटली. मग म्हणाले, ‘‘साफ आहे.’’ मी ते कौतुक समजलो.

पुढच्या दिवाळीत आलो तेव्हा मात्र मला तो जुना आवाज ऐकायचा होता. हैदराबादच्या खोलीत वर्षभर ते चाळीस सेकंद ऐकून ऐकून मी आलो होतो. तुम्ही वाजवलं. सूर लागत होता, बोटं जागच्या जागी पडत होती, आणि तरी त्यात काहीच नव्हतं. कोणाच्या तरी घराची घंटी वाजवल्यासारखं. मला राग आला, बाबूजी. तुमच्यावर नाही, पण निघाला तुमच्यावरच. मी म्हणालो, ‘‘हात गेला तुमचा. पहिले कसा रडत होता, आता नुस्ता वाजते.’’ माय दारात उभी होती, हातात चकल्यांचं ताट. तिनं तुमच्याकडं पाहिलं. मला वाटलं ती माझ्या उद्धटपणामुळं पाहून राहिली. तुम्ही गिटार पोत्यावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘हो. वय झालं असन.’’ आणि अर्धवट सोडलेल्या मोटरच्या कागदी पट्ट्या कापायला बसले. तेवढंच. तुम्ही तेव्हा बावन्न वर्षांचे होते.

त्यानंतर मी एक दिवाळी आलोच नाही. पुढच्या थंडीत फोन आला. काही दुखणं नाही, काही नाही, दुकानातच बसल्या जागी. रेल्वे गोंदियाच्या अलीकडं जंगलात दीड तास उभी राहिली आणि मी दारात उभा राहून झाडं मोजत होतो. घरी पोचलो तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. मी तुमचा हात हातात घेतला, डावा. बोटांची टोकं फुटलेली होती, काळी पडलेली, दोन ठिकाणी चिरा. मला वाटलं तांब्याच्या तारेनं. शेवटपर्यंत काम केलं बापानं, असं म्हणून मी रडलो. मला कळायला पाहिजे होतं. मीही वाइंडर आहे. तार ओढताना कापतो तो उजवा अंगठा. डाव्या हाताच्या बोटांची टोकं तांब्याच्या तारेनं फुटत नाहीत. पण त्या वेळेला कोण एवढा विचार करते.

मग मी गिटार आणि अँप्लिफायर घेऊन निघालो. माय म्हणाली ने. स्टॅबिलायझर तिथंच राहिला, आता त्यावर तिचा फ्रिज चालते. चार वर्षांपासून इथं कोइम्बतूरला आहे, पंपाच्या मोटरी बनवतात त्या कारखान्यात, टेस्टिंगवर. गिटार मला येत नाही, तुम्हाला माहीत आहे. एकच ओळ येते, त्या चाळीस सेकंदांतली, तेवढी बोटांनी घोकली. मला वाजवणारा व्हायचं नव्हतंच. मला आवाज पाहिजे होता. मी तारा बदलल्या, जाड लावल्या, पातळ लावल्या. कंडेन्सर बदलले. चेन्नईहून जुने वॉल्व्ह मागवले. स्पीकर बदलला, मग तुमचाच परत लावला. एक इंग्रजी पेटी घेतली, पायानं दाबायची, दुकानदार म्हणाला यातून ब्लूज निघतेच. निघाला तो दुसऱ्याच कोणाचा आवाज. माझ्यासोबत राहणारा ओडिशाचा पोरगा दर रविवारी कानावर उशी दाबून झोपायचा. एकदा मी त्याला तुमचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि विचारलं, माझ्यात आणि यात फरक काय? तो थोडा वेळ ऐकून म्हणाला, ‘‘भाई, तेरा वाला चिल्लाता है. इनका गला बैठा हुआ है.’’ बरोबर बोलला तो. पण गळा बसवायचा कसा?

शेवटी मी मानलं की आवाज अँप्लिफायरमध्ये नव्हताच, हातात होता, आणि तो हात आधी गेला, मग तुम्ही गेले. मी जे बोललो होतो ते कडू होतं पण खरं होतं. असं मानलं की थोडं हलकंही वाटायचं. आणि मग मागच्या महिन्यात एक पंखा आला मधात.

आमच्या टेस्टिंगच्या खोलीत डिमरस्टॅट आहे. तुम्ही पाहिला नसेल, पण ऐकून माहीत असेल. वर एक गोल चाक, ते फिरवून लाईन पाहिजे तेवढी कमी करायची. मोटर गावात कमजोर लाईनीवर चालू होते की नाही हे पाहायला आम्ही प्रत्येक मोटर एकशे सत्तर व्होल्टवर चालवून पाहतो. हसायची गोष्ट म्हणजे मी चार वर्षं रोज आपल्या गावाची संध्याकाळ त्या चाकानं बनवत होतो आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायची होती. खूप गरम होत होतं, म्हणून माझ्यासोबतच्या तमिळ मिस्त्रीनं आपल्या टेबलफॅनची पिन जवळच्या सॉकेटमध्ये खुपसली, आणि ते सॉकेट नेमकं डिमरस्टॅटचं. फॅनची जाळी वाकलेली, पातं प्रत्येक फेरीला तिला लागायचं. मी चाक खाली आणलं. फॅन थकला. आणि ते टकटक एकेक वेगळं ऐकू यायला लागलं. टक. टक. टक. मिस्त्री हसून राहिला, मी उभा.

तो ठेका मला पाठ होता, बाबूजी. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारच्या मागं तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. आपल्या दुकानातल्या पंख्याचं वाकलेलं पातं. सात वर्षं मी त्याला कचरा समजून त्याच्या पलीकडचं ऐकत होतो. फोन काढला, कानाला लावला. पूर्ण लाईनीवर आपला पंखा मोजताच येत नव्हता, नुस्ती घरघर यायची. रेकॉर्डिंगमध्ये मी एकेक फेरी मोजू शकत होतो. म्हणजे तुम्ही वाजवत होते तेव्हा लाईन थकलेली होती. म्हणजे वॉल्व्हला पोटभर मिळत नव्हतं. म्हणजे तार रेटली की ते धापा टाकत होते, आणि त्यांचं धापा टाकणं म्हणजेच ते दबणं, ते भरून येणं, ते फाटणं. ‘लाईन थकली का रे?’ तुम्ही रोज विचारत होते. मी बल्ब पाहून हो म्हणत होतो. तुम्ही रिकामे झाले म्हणून वाजवत नव्हते. तुम्ही दिवसभर त्या वेळेची वाट पाहत होते. आणि मी पहिल्या पगारातून ती वेळ बंद करायची पेटी घेऊन आलो.

जेवलो नाही. कारखान्याच्या मागं कडुलिंबाखाली जाऊन मायला फोन लावला. तिला विचारलं, बाबूजी माझ्यामागं कधी तो स्टॅबिलायझर काढत होते का. ती म्हणाली, ‘‘तू गेला की दुसऱ्या दिवशी काढून ठेवत. तू येणार असला की फडक्यानं पुसत अन् पुन्हा लावत.’’

‘‘मग मले काऊन नाई सांगितलं?’’

‘‘त्यायनं सांगू नको म्हटलं. पोट्ट्यानं मांडीवर ठेवून आणलं, म्हणे.’’

मला वाटलं संपलं. इतकं ऐकूनही माणूस उभा राहू शकते. पण मायचं सांगायचं राहिलं होतं, आणि सात वर्षं मनात दाबून ठेवणारं माणूस एकदा बोलायला लागलं की पूर्ण बोलते. ती म्हणाली, ‘‘तू त्या दिवाळीत बोलला ना हात गेला म्हणून, त्याच्यानंतर मात्र काढला नाई. मी म्हटलं, आता काढा, तो गेला. त म्हणे, नाई, याच्यावरच बसवतो आता. पोट्टा येईन त याच्यावरच ऐकवीन. रोज बसत होते. बोटं फुटली, हळद लावून द्यायची मी.’’

डावा हात, बाबूजी. मी तो हातात घेतला होता.

तुम्ही काय करून राहिले होते? दोनशे तीस व्होल्टच्या टणक आवाजातून बोटांच्या जोरावर तो रडका सूर काढायचा, म्हणजे माझी वस्तूही राहील आणि तुमचा सूरही. हे होणार नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं का? मोटरला फसवता येत नाही म्हणणारा माणूस वॉल्व्हला फसवायला निघाला. एक शब्द बोलायचा होता. ‘‘हे परत ने, याच्यानं सूर मरते,’’ एवढा. मी रुसलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, आणि मग तुम्ही वाजवलं असतं आणि मी ऐकलं असतं. त्याऐवजी तुम्ही माझं मन राखलं आणि मी तुमचं तोडलं. आणि पुढच्या दिवाळीत मी आलोच नाही. तुमच्या बोटांना काय जमलं होतं, किती जमलं होतं, हे एकट्या मायनं ऐकलं. तिला विचारलं मी. ती म्हणाली, ‘‘मले काय समजते त्यातलं.’’ पण सूप थांबायचं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी एक डिमरस्टॅट घेतला. जुना, पण चाक चांगलं फिरते. रविवारी दुपारी खोलीत लावला, त्यावर तुमचा अँप्लिफायर. ओडिशाच्या पोरानं उशी तयार ठेवली. मी चाक हळूहळू खाली आणलं. दोनशे. एकशे ऐंशी. एकशे सत्तर. लगेच काही झालं नाही, वॉल्व्ह थंडावायला वेळ लागते. मी तसाच बसून राहिलो, खिडकीतून खालच्या बाईचे वाळत घातलेले पापड दिसत होते. आतला विस्तव कमी झाला. मग मी तार रेटली.

आला, बाबूजी. आधी दबला, मग भरून आला, मग शेवटी फाटला. तोच. पोरानं उशी खाली ठेवली. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा वाजवलं, आणि तिसऱ्या वेळेला मला समजलं की आवाज तुमचा आहे आणि हात माझा आहे. तो मधातला गंधार माझ्या बोटाला सापडत नाही. कधी अलीकडं पडतो, कधी पलीकडं. मी तुम्हाला जे बोललो होतो ते आता खरं झालं आहे. आवाज आहे, हात गेला.

मग मी मायला फोन लावला आणि काही न सांगता स्पीकरसमोर ठेवला. तीच एक ओळ वाजवली. आपल्या गावात मागच्या वर्षी घराजवळच नवीन ट्रान्सफॉर्मर बसला, आता संध्याकाळी बल्ब पांढरा जळते, डोळे दिपतात म्हणते ती. म्हणजे तिथं तर तो सूर आता कोणालाच काढता येणार नाही. ओळ संपली. तिकडून नुस्ता फ्रिजचा आवाज. मी फोन उचलून कानाला लावला. ती म्हणाली, ‘‘लाईन थकली का रे तिकडं?’’

मी हो म्हटलं.

हे पत्र मी मोटरीच्या टेस्ट रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून राहिलो, बाद झालेले रिपोर्ट आहेत. कुठं पाठवायचं नाही, म्हणून पत्ताही लिहिला नाही. आठवी नापास माणसानं इतकं लिहिलं हेच खूप. फक्त एक राहिलं. डिमरस्टॅटला चार हजार दोनशे लागले आणि मी मायला सांगितलं की या महिन्यात ओव्हरटाइम बंद होता. ती म्हणाली, ‘‘बरं.’’ अगदी तुमच्यासारखी म्हणाली, म्हणजे तिला समजलं असेल. एका घरात तिघंही तसेच निघालो. दर महिन्याला तिला नऊ हजार पाठवतो. या महिन्यात चार हजार आठशे पाठवून राहिलो.